तळमजल्याचा खांब आणि सेक्रेटरीची सही

  आजचा एपिसोड इतिहासाचाच आहे, पण सुरुवात माझ्या स्कूटीपासून करते.

आम्ही उरणला राहतो. तळमजल्यावर चार गाळे, वर तीन मजले, चौदा फ्लॅट. १९९७ साली ताबा मिळाला, तेव्हा मी बालवाडीत होते. मागच्या जुलैमध्ये एका सकाळी खाली आले तर स्कूटीच्या सीटवर सिमेंटचा ताटाएवढा पोपडा पडलेला. वर बघितलं. जिन्याखालच्या बीमची सळई उघडी पडलेली, तपकिरी, सोललेल्या उसासारखी. मी फोटो काढला आणि सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत उत्तरं. एकाने हात जोडलेले टाकले, एकाने 'पावसाळा आहे, होतं असं' लिहिलं, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी लिहिलं, "उद्या कुणाच्या डोक्यावर पडलं तर जबाबदार कोण?"

त्यावर कुणीच काही लिहिलं नाही. कारण सगळ्यांना वाटत होतं उत्तर माहीत आहे. जबाबदार सेक्रेटरी. आणि सेक्रेटरी म्हणजे माझे बाबा.

बाबा सेक्रेटरी कसे झाले तेही सांगते. बंदरातून रिटायर झाले त्या वर्षीच्या वार्षिक सभेला ते चहा सांगायला खाली गेले होते. परत आले तोवर बिनविरोध निवडून आले होते. हसू नका, निम्म्या महाराष्ट्रात सेक्रेटरी असेच होतात.

त्याच आठवड्यात दुसरी गोष्ट झाली. खालच्या एका गाळ्याचे मालक घरी आले. चांगला माणूस, करोनात अख्ख्या बिल्डिंगला घरपोच किराणा दिला होता त्यांनी. म्हणाले, "सेक्रेटरीसाहेब, शेजारचा गाळा पण मी घेतोय. मधली भिंत काढायची आणि एक खांब जरा छाटून घ्यायचा, तुमची एनओसी पाहिजे. एक सही." बाबा म्हणाले, बघतो. आणि रात्री मला म्हणाले, "तू ते जुनं जुनं वाचत असतेस ना, जरा बघ, मी नक्की कशाला बांधलेला आहे."

तर हा एपिसोड बाबांसाठी आहे. तुम्ही ऐकताय कारण तुमच्याही घरी कुणीतरी असंच चहा सांगायला गेलेलं असेल.

बिल्डिंग पडली तर जबाबदार कोण, हा प्रश्न फार जुना आहे. बॅबिलोनच्या हम्मुराबीच्या कायद्यात, म्हणजे पावणेचार हजार वर्षांपूर्वी, याचं उत्तर आहे आणि ते भयंकर सरळ आहे: बांधलेलं घर कच्चं निघालं, कोसळलं आणि घरमालक मेला, तर बांधणाऱ्याला देहदंड. त्यात सोसायटी नाही, ऑडिट नाही, नगरपरिषद नाही. एक बांधणारा, एक राहणारा. पुढचा सगळा इतिहास हा त्या दोघांच्या मध्ये माणसं घुसत गेल्याचा इतिहास आहे.

आपल्याकडे १८६० च्या भारतीय दंड संहितेत कलम २८८ होतं. इमारत पाडताना किंवा दुरुस्त करताना ती कोसळून कुणाच्या जिवाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी घेतली नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड. आता भारतीय न्याय संहितेत हेच २९० व्या कलमात आहे, दंड पाच हजार झालाय, कैद तेवढीच. मला यातला एक शब्द अडला. दुरुस्त करताना. म्हणजे १८६० मध्येही कायदा लिहिणाऱ्यांना कळलेलं होतं की नुसती उभी असलेली इमारत जेवढी धोक्याची, त्याहून ती कुणीतरी हात लावलेली इमारत जास्त धोक्याची. आमच्या गाळ्याचा विषय इथे पहिल्यांदा डोक्यात आला.

मग येतो १८८८ चा मुंबई महापालिकेचा कायदा. त्याचं कलम ३५४ आजही मुंबईत पावसाळ्याआधी दारांवर चिकटवलं जातं. इमारत मोडकळीला आली, पडायच्या बेतात आहे असं आयुक्तांना दिसलं तर ते 'मालकाला किंवा भोगवटादाराला' ती पाडायला, टेकू द्यायला किंवा दुरुस्त करायला सांगू शकतात. नगरपरिषदांच्या १९६५ च्या कायद्यात अशाच अर्थाचं कलम १९५ आहे, म्हणजे उरणला ते लागू. मालक 'किंवा' भोगवटादार. त्या छोट्याशा 'किंवा'वर पुढे सव्वाशे वर्षं भांडणं झाली.

कारण मुंबईत मालक कोण हे तेव्हा सोपं होतं. चाळीचा मालक. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीला प्लेगचा पहिला रुग्ण सापडला, आणि सरकारला अचानक चाळींच्या आत काय आहे ते दिसलं. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, रस्ते रुंद झाले, वस्त्या पाडल्या गेल्या. पण राहणाऱ्याचा प्रश्न तसाच राहिला. माणूस भाडं देत होता, मालक भाडं घेत होता, आणि भिंतीचा चुना कुणी काढायचा यावर रोज वाद.

मग १९४७ चा भाडे नियंत्रण कायदा आला. युद्धामुळे घरं कमी, माणसं जास्त, भाडी आकाशाला भिडलेली, म्हणून भाडं १ सप्टेंबर १९४० च्या पातळीवर गोठवलं. भाडेकरूंसाठी तो देवासारखा कायदा होता, आणि मी त्याच्याविरुद्ध बोलणार नाही. माझे आजोबा लालबागला त्याच्याच जोरावर राहिले. पण त्याचा एक परिणाम कुणी नाकारत नाही. दहा-वीस रुपये भाडं येणाऱ्या खोलीसाठी मालक हजारो रुपयांचं प्लास्टर कशाला करेल? त्याने करायचं सोडून दिलं. कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी त्याच्यावरच होती, आजही १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम १४ मध्ये आहे. मालकाने दुरुस्ती केली नाही तर भाडेकरू त्याला टपालाने पंधरा दिवसांची नोटीस देऊन स्वतः काम करून घेऊ शकतो आणि खर्च भाड्यातून कापू शकतो. पण वर्षाला भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. वीस रुपये भाडं असेल तर वर्षाचे दोनशे चाळीस, त्याचा चौथा हिस्सा साठ रुपये. साठ रुपयांत बीम दुरुस्त करून दाखवा.

इमारती पडायला लागल्या. आणि मग १९६९ मध्ये राज्याने असं काहीतरी केलं जे जगात फार ठिकाणी नाही. खासगी इमारतींची दुरुस्ती सरकारने अंगावर घेतली. इमारत दुरुस्ती आणि पुनर्रचना मंडळ स्थापन झालं, बेट शहरातल्या जुन्या इमारतींवर उपकर बसला, आणि त्या 'उपकरप्राप्त' झाल्या. सुरुवातीला अशा सुमारे १९ हजार ६०० इमारती होत्या. पुढे हे काम १९७६ च्या कायद्याने म्हाडाकडे गेलं. म्हणजे जबाबदारीची सोंगटी मालकाच्या घरातून सरकारच्या घरात गेली.

आमच्या उरणला यातलं काही लागू नाही. उपकर फक्त मुंबई शहर बेटापुरता. उरणची सोंगटी वेगळ्याच वाटेने चालली, आणि ती वाट गावदेवीतून जाते.

१९१५ मध्ये मुंबईच्या गावदेवीला सारस्वत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी स्थापन झाली. श्रीपाद सुब्बराव तालमकी हे त्यामागचं मोठं नाव. भारतातली पहिली सहकारी गृहनिर्माण संस्था म्हणून तिचं नाव घेतात. कल्पना सुंदर होती: घरमालक आणि भाडेकरू हे भांडणच मिटवू. सगळे मिळून मालक, सगळे मिळून भाडेकरू. १९६० चा महाराष्ट्र सहकारी संस्था कायदा, १९६३ चा मालकी हक्काच्या फ्लॅटचा कायदा, ज्याला सगळे मोफा म्हणतात, आणि आपल्या आईबाबांच्या पिढीने 'ओनरशिपचा ब्लॉक' हा शब्द छातीला लावला.

मोफाने बिल्डरवर काही गोष्टी टाकल्या. पुरेशी माणसं झाली की त्याने सोसायटी करून द्यायची, मग जमीन-इमारतीचं हस्तांतरण करून द्यायचं. ताबा दिल्यापासून तीन वर्षांत बांधकामात दोष दिसला तर त्याने फुकट दुरुस्त करायचा. आता रेरामध्ये ही मुदत पाच वर्षं आहे, आणि सांगितल्यावर तीस दिवसांत काम करायचंय. चांगलंच आहे. पण तीन वर्षं काय किंवा पाच वर्षं काय, सळई गंजायला साधारण त्यानंतरच लागते. आणि हस्तांतरण हजारो सोसायट्यांना मिळालंच नाही, म्हणून तर २००८ च्या दुरुस्तीने 'मानीव अभिहस्तांतरण' आणावं लागलं. बाबांनी तो शब्द पहिल्यांदा वाचला तेव्हा विचारलं, हे मराठीच आहे ना?

तर मुद्दा असा की बिल्डर गेला, जमीन कागदावर अजून त्याचीच, आणि इमारत मात्र आपली. मालक कोण? आपण. आपण म्हणजे कोण? सभा. सभा वर्षातून एकदा, कोरम नसतो, अर्ध्या तासाने तीच सभा पुन्हा भरते. मग रोजचा मालक कोण? कमिटी. सहकार कायद्याच्या कलम ७३ प्रमाणे कमिटीचे सदस्य कमिटीच्या निर्णयांना संयुक्तपणे आणि वैयक्तिकरीत्या जबाबदार असतात. जुन्या कमिटीवाल्यांना 'एम-२०' नावाचा बाँड आठवत असेल, तो यासाठीच. मी हे वाचून दाखवलं तेव्हा बाबा म्हणाले, "म्हणजे चाळीच्या मालकाच्या खुर्चीत मी बसलोय. भाडं न घेता." मला वाटतं मी वाचलेल्या सगळ्या पुस्तकांपेक्षा हे वाक्य नेमकं आहे.

आता उरण. इथे जरा थांबूया, कारण आपल्या गावाची एक खास भानगड आहे.

उरण म्हणजे समुद्र, खाडी आणि मिठागरं. १९७० मध्ये सिडको आली, जमिनी गेल्या. १९८४ च्या जानेवारीत जासई आणि दास्तान फाट्याला काय झालं, दि. बा. पाटलांचं आंदोलन काय होतं, ते इथल्या प्रत्येक घराला माहीत आहे. त्यातूनच पुढे साडेबारा टक्क्यांची योजना आली. २६ मे १९८९ ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं. पगार आले, माणसं आली, आणि कौलारू घरांच्या जागी तीन-चार मजली इमारती उठल्या. आमचीही त्यातलीच.

आता खाऱ्या हवेत काँक्रीटचं काय होतं? ताजं, चांगलं काँक्रीट अल्कधर्मी असतं, पीएच साडेबाराच्या आसपास किंवा वर. त्या वातावरणात सळईवर एक पातळ थर तयार होतो आणि ती गंजत नाही. मिठातलं क्लोराइड आत झिरपलं की तो थर तुटतो. हवेतला कार्बन डायऑक्साइड आत शिरला की पीएच उतरतो आणि थर तसाही जातो. मग गंज. आणि गंज मूळ लोखंडापेक्षा दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा घेतो. सळई आतून फुगते, काँक्रीटला ढकलते, आधी सळईच्या रेषेत बारीक चीर दिसते, मग पोपडा सुटतो, मग पाणी थेट सळईवर. माझ्या स्कूटीवर जे पडलं ती या गोष्टीची सुरुवात नव्हती, बऱ्यापैकी उशिराची पायरी होती.

म्हणून आपल्याकडच्या काँक्रीटच्या मानकात, आयएस ४५६ मध्ये, २००० सालच्या आवृत्तीप्रमाणे हवामानाचे पाच वर्ग आहेत. सौम्य वर्गात सळईवर किमान २० मिलिमीटर काँक्रीटचं आवरण, मध्यम वर्गात ३०, आणि किनाऱ्याच्या हवेचा जो 'तीव्र' वर्ग, त्यात ४५, शिवाय काँक्रीट किमान एम-३० दर्जाचं. आमच्या जिन्याखाली बीमचा पोपडा निघाला तिथे मी पट्टी लावून बघितली. जेमतेम दोन सेंटिमीटर. बाबांच्या ओळखीच्या एका जुन्या मिस्त्रीकाकांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्या वक्ताला खाडीची रेती यायची पोरी. धुवायची असते, पण पानी कोनाकडं होता?" उरणला नळाला पाणी कधी यायचं ते ज्यांना आठवतंय, त्यांना यावर वेगळं काही सांगायला नको.

मीठ आमच्या भिंतींच्या आत पहिल्या दिवसापासून आहे. बाहेरून येतंय ते वेगळं.

तुम्ही म्हणाल, बाई, अठ्ठावीस वर्षांच्या बिल्डिंगची काय एवढी चिंता. मग महाडला चला. आपलाच रायगड जिल्हा.

२४ ऑगस्ट २०२०, सोमवार, संध्याकाळ. काजळपुऱ्यातली तारिक गार्डन नावाची पाच मजली इमारत कोसळली. चाळीसच्या वर फ्लॅट. १६ माणसं गेली. इमारत दहा वर्षांच्या आतबाहेरची होती, म्हणजे माझ्या कॉलेजच्या बॅगेपेक्षा थोडीशीच जुनी. एनडीआरएफचे जवान आले, आणि एकोणीसेक तासांनी चार वर्षांचा एक मुलगा ढिगाऱ्याखालून जिवंत निघाला. तो व्हिडिओ तुम्ही पाहिला असेल, लोक टाळ्या वाजवत होते. मी तेव्हा तो दहा जणांना पाठवला. गुन्हा कुणावर नोंदला गेला, हे मात्र मी या एपिसोडसाठी पहिल्यांदा वाचलं.

बिल्डर. आर्किटेक्ट. आरसीसी सल्लागार. आणि त्यांच्यासोबत नगरपरिषदेतले अधिकारीही. म्हणजे नकाशा काढणारा, सळई मोजणारा, उभं करणारा आणि परवानगीवर सही करणारा, सगळे एका कागदावर. हम्मुराबीच्या कायद्यात त्या जागी एकच माणूस होता.

महाडची इमारत नवी होती म्हणून बोट बांधणाऱ्यांकडे गेलं. जुनी असती तर? मी मागच्या पंधरा-वीस वर्षांतल्या मोठ्या दुर्घटना एका कागदावर लिहून काढल्या आणि तीन नावांपाशी थांबले.

जुलै २००७, बोरिवली, लक्ष्मी छाया. तळमजल्यावरच्या दागिन्यांच्या दुकानात फेरफार चालू होते. जवळपास तीस माणसं गेली.

२७ सप्टेंबर २०१३, डॉकयार्ड रोड, बाबू गेनू मार्केटची इमारत. ६१ मृत्यू. ही खुद्द महापालिकेची इमारत, राहणारे बहुतेक तिचेच कर्मचारी. तळमजला गोदामासाठी भाड्याने दिलेला, आणि तिथे बेकायदा फेरफार केल्याचा आरोप. मालक आणि नोटीस काढणारा एकच असेल तर नोटीस कोण कुणाला काढणार, हा प्रश्न त्या इमारतीने विचारला.

२५ जुलै २०१७, घाटकोपर, साई दर्शन. तळमजल्यावर नर्सिंग होमच्या जागेत नूतनीकरण चालू होतं, खांबांना हात लावल्याचा आरोप झाला. १७ मृत्यू.

तिन्ही तळमजल्यावर. यात गूढ काही नाही. वरच्या मजल्यावर भिंत पाडली तर एक-दोन मजल्यांचं वजन हलतं. तळमजल्याच्या खांबावर सगळ्यांचं वजन असतं, आणि तळमजल्यावरच दुकानं असतात, आणि दुकानदाराला मधला खांब नेहमी आडवा येतो. मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते काही बोलले नाहीत. उठून एनओसीचा तो टाइप केलेला कागद फाइलमधून काढला आणि टेबलावर उपडा ठेवला.

लक्ष्मी छायानंतर कायदे बदलले. तीस वर्षांहून जुन्या इमारतींनी नोंदणीकृत स्ट्रक्चरल इंजिनीअरकडून तपासणी करून इमारत राहण्यायोग्य असल्याचा दाखला द्यायचा, असं कलम महापालिकांच्या कायद्यांत आलं. मुंबईच्या कायद्यात ३५३-ब, इतर महापालिकांच्या कायद्यात २६५-अ. पण सोसायट्यांचे आदर्श उपविधी त्याहून आधीची सूचना देतात, ज्याच्याकडे कुणी बघत नाही: पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट दर पाच वर्षांनी, तीसच्या पुढे दर तीन वर्षांनी. आमची बिल्डिंग २०१२ ला पंधरा वर्षांची झाली. हिशोब तुम्हीच करा. आमच्याकडे एकदाही झालेलं नाही.

ऑडिटमधून वर्ग ठरतो. सी-१ म्हणजे रिकामी करा, पाडा. सी-२ए म्हणजे रिकामी करून मोठी दुरुस्ती. सी-२बी म्हणजे लोक राहू द्या पण संरचनेची दुरुस्ती करा. सी-३ म्हणजे किरकोळ. आमच्या ग्रुपवर एकाने विचारलं होतं, "ऑडिट केलं आणि सी-१ निघालं तर?" हा खरा प्रश्न आहे, त्याला मूर्ख म्हणू नका. ज्याचं एकच घर आहे, कर्ज फिटायचंय, तो ऑडिटला घाबरणारच. डॉक्टरकडे न जाणारा माणूस मूर्ख नसतो, घाबरलेला असतो.

पैशाचं काय? उपविधींमध्ये तेही आहे. प्रत्येक फ्लॅटच्या बांधकाम खर्चाच्या, जमीन सोडून, वर्षाला किमान ०.२५ टक्के निक्षेप निधी, ज्याला सगळे सिंकिंग फंड म्हणतात, आणि ०.७५ टक्के दुरुस्ती निधी. आमच्या फ्लॅटचा तेव्हाचा बांधकाम खर्च दोन लाख धरला तर वर्षाला पाचशे अधिक पंधराशे, दोन हजार. महिन्याला एकशे सहासष्ट रुपये. अठ्ठावीस वर्षांत एका फ्लॅटचे छप्पन्न हजार, अठरा फ्लॅट-गाळ्यांचे दहा लाख आठ हजार, व्याज वेगळं. आमच्या खात्यात किती आहेत? एक लाख बारा हजार. कारण १९९९ च्या सभेत ठरलं होतं, 'तूर्त मेंटेनन्स कमी ठेवूया'. ते तूर्त अजून संपलेलं नाही. इतिवृत्ताच्या वहीत ठराव आहे, सूचक आणि अनुमोदक दोघंही आज हयात नाहीत.

आगीचं आणि लिफ्टचं थोडक्यात सांगते. महाराष्ट्राचा आग प्रतिबंधक आणि जीवसंरक्षक उपाययोजना कायदा २००६ चा, लागू झाला ६ डिसेंबर २००८ ला. ज्या इमारतींना तो लागू आहे तिथे आगीची यंत्रणा चालू ठेवणं हे मालकाचं, मालक सापडत नसेल तर भोगवटादाराचं काम, आणि वर्षातून दोनदा, जानेवारी आणि जुलैमध्ये, परवानाधारक एजन्सीकडून तपासून 'नमुना ब' द्यायचा असतो. बघा, १८८८ चा तो 'किंवा' इथेही आलाच. ऑक्टोबर २०२३ मध्ये गोरेगावच्या जय भवानी इमारतीत पार्किंगमधून आग पसरली आणि सात जण गेले. तेव्हा पार्किंगमध्ये गाद्या, जुनी कपाटं ठेवणाऱ्या शेजाऱ्यांना हा एपिसोड पाठवा. लिफ्टसाठी आधी १९३९ चा कायदा होता, आता २०१७ चा आहे. आमच्याकडे लिफ्ट नाही. बाबांचं एक ओझं कमी.

एक गोष्ट मात्र मला सोडवता आली नाही. उरण तालुक्यातल्या गावठाणांत आणि आजूबाजूला शेकडो घरं आहेत ज्यांना आपण 'गरजेपोटीची घरं' म्हणतो. जमीन प्रकल्पाला गेली, कुटुंब वाढलं, मुलाचं लग्न झालं, मजला चढवला. परवानगी कुणी दिली नाही, आणि मिळालीही नसती. ती नियमित करण्याचे निर्णय वेगवेगळ्या सरकारांनी जाहीर केले, लोक अजून कागदाची वाट बघतायत. माझी मावशी अशाच घरात राहते. तिथे सोसायटी नाही, सेक्रेटरी नाही, भोगवटा प्रमाणपत्र नाही. मी मावशीला ऑडिटबद्दल सांगायला गेले तर ती म्हणाली, "बाय, ज्या घराला सरकार घरच म्हनत नाय, त्याची तपासनी कोन करनार?" आणि मीठ तर तिच्याही स्लॅबमध्ये आहे. तिच्यासाठी १८६० पासून चालत आलेलं ते कलम आहे, पण ते शिक्षेचं आहे, तपासणीचं नाही.

आता आमच्या बिल्डिंगचं काय झालं ते सांगून थांबते.

बाबांनी गाळेवाल्यांना बोलावलं. मला वाटलं होतं आवाज चढतील. बाबांनी फक्त मी काढलेला तो कागद पुढे ठेवला, तीन नावं, तीन तारखा. त्यांनी वाचला. मग म्हणाले, "पण साहेब, माझा इंजिनीअर म्हणतोय काही होत नाही." बाबा म्हणाले, "त्याला लेखी द्यायला सांगा, स्वतःच्या नावाने, शिक्क्यानिशी. त्यावर आपले स्ट्रक्चरल इंजिनीअर बघतील, मग सभा ठरवेल. मी एकटा सही करणार नाही." तो लेखी कागद अजून आलेला नाही. किराणाही आता आम्ही दुसरीकडून आणतो, कारण आई म्हणते त्यांच्या दुकानात शिरताना अवघड होतं.

विशेष सभा झाली. चौदापैकी अकरा घरांतून माणसं आली, एवढी गर्दी गणपतीच्या आरतीलाही नसते. ऑडिट मंजूर झालं, नऊ विरुद्ध दोन. इंजिनीअर मॅडम दोन दिवस आल्या. हातोड्यासारखं रिबाउंड हॅमर खांबांवर ठोकत फिरल्या, आकडे लिहीत. मग गिरमिटाने बीमला छोटं भोक पाडून त्यावर फिनॉल्फथॅलिन फवारलं. चांगलं काँक्रीट त्याने गडद गुलाबी होतं. बिल्डिंगमधली सगळी पोरं जिन्यात जमली होती. पुढच्या बाजूचे दोन खांब गुलाबी झाले, पोरांनी ओरडून टाळ्या पिटल्या. जिन्याखालच्या बीमवर फवारलं तेव्हा काहीच झालं नाही. राखाडीचं राखाडी. एकाने विचारलं, "मॅडम, परत मारा ना." मॅडमनी परत मारलं.

वर्ग निघाला सी-२बी. राहू शकता, दुरुस्ती करायची. अंदाजपत्रक एकोणीस लाख, घरटी लाखाच्या वर. तीन घरांनी अजून काही भरलेलं नाही, त्यातलं एक सभेत सगळ्यात जोरात 'ताबडतोब करा' म्हणालं होतं. जिन्याखाली सध्या सहा लोखंडी टेकू उभे आहेत, आणि सेक्रेटरीच्या सहीने तिथे नोटीस लावलीय: येथे वाहने लावू नयेत.

माझी स्कूटी आता गेटबाहेर असते. तुमच्या बिल्डिंगचं शेवटचं ऑडिट कधी झालं ते विचारून मला कळवा. ऑडिट मागताना काय उत्तर मिळालं तेही. पुढच्या वेळी मिठागरांवर बोलूया, मिस्त्रीकाकांनी यायचं कबूल केलंय.